त्याने रामधून म्हटली नाही

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांचा विषय एकच आहे, तो म्हणजे सर्वधर्मीय शांतियात्रा. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून तिन्ही पत्रांना एकत्र उत्तर देत आहे. पहिले पत्र थोडे संक्षिप्त केले आहे आणि लेखिकेच्या इच्छेनुसार तिचे नाव छापलेले नाही.

प्रश्न : आदरणीय ताई, सादर नमस्कार. मी 22 वर्षांची असून वर्धा जिल्ह्यातील एका गावात राहते. गेल्या 30 जानेवारीला सेवाग्रामहून निघालेल्या एका सर्वधर्मीय शांतिपदयात्रेत मी सहभागी झाले होते. पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी असे मुक्काम करत, सुमारे 80 किलोमीटर चालून, पाच दिवसांनी आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर पोहोचलो. आम्ही चोवीस जण होतो आणि त्यांत हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती, जैन व शीख असे सर्वच होते. कापसाच्या गाड्या सतत जात असल्यामुळे रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस अडकलेला होता, आणि माझ्या शेजारून चालणारा नागपूरचा एक बौद्ध विद्यार्थी तो काढून खिशात ठेवत असे. माझ्या टाचेला फोड आला तेव्हा त्यानेच त्या कापसाची घडी करून माझ्या चपलेच्या पट्ट्याखाली ठेवली.

तिसऱ्या संध्याकाळी एका शाळेच्या पटांगणात प्रार्थना झाली. बुद्धवंदना त्याने सांगितली आणि आम्ही सगळ्यांनी ती त्याच्यामागून म्हटली. नंतर रामधून सुरू झाली, तेव्हा तो डोळे उघडे ठेवून, हात मांडीवर ठेवून गप्प बसला. मला ते फार लागले. प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर मी त्याला म्हणाले, ‘‘आम्ही तुझे म्हटले, मग तू आमचे का म्हणत नाहीस? असेच होते तर आलास कशाला?’’ तो एवढेच म्हणाला, ‘‘माझ्या पणजोबांनी 1956 साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या होत्या. त्या मी तुझ्यासाठी मोडू का?’’ मला उत्तर सुचले नाही. पुढचे दोन दिवस तो पूर्वीसारखाच वागला. बुटीबोरीच्या पुढे माझी पिशवीही त्यानेच उचलली. दीक्षाभूमीवर निरोप घेताना मला काहीतरी बोलायचे होते, पण मी बोलले नाही. घरी बाबा म्हणतात की ही सगळी पाच दिवसांची सहल होती आणि तिच्यातून काही निष्पन्न होत नसते. मला तसे वाटत नाही. पण माझी चूक झाली का, एकाने गप्प राहायचे ठरवले तर ती प्रार्थना सर्वधर्मीय कशी म्हणायची, आणि आता मी काय करावे, हे मला कळत नाही.

उत्तर : तुझे पत्र मी तीन वेळा वाचले. चूक झाली, हे तू स्वतःच ओळखले आहेस आणि ते मी झाकणार नाही. पण ती नेमकी कुठे झाली हे समजून घेणे गरजेचे आहे, नाहीतर तू चुकीच्या गोष्टीची माफी मागशील.

तुझ्या वाक्यातले ‘आम्ही तुझे म्हटले’ हे शब्द पुन्हा वाच. प्रार्थना हा लग्नातला आहेर नव्हे, की एका बाजूने केला म्हणून दुसऱ्या बाजूने तेवढ्याच किमतीचा परत करावा. शिवाय हा हिशेब मांडायचाच म्हटले तरी तो जुळत नाही. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना तुला काय द्यावे लागले? तुझ्या घरात त्यामुळे कोणी दुखावले नाही, कोणते वचन मोडले नाही, उलट तुला बरे वाटले असेल. त्याच्याकडून तू जे मागत होतीस त्याची किंमत मात्र फार मोठी होती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली पहिली ब्रह्मा, विष्णू, महेश यांना आणि दुसरी राम व कृष्ण यांना देव न मानण्याविषयी, त्यांची उपासना न करण्याविषयी आहे. या प्रतिज्ञा कुणाच्या द्वेषापोटी आलेल्या नाहीत. त्यांच्यामागे बंद दरवाजांचा इतिहास आहे. 2 मार्च 1930 रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, तो वर्षानुवर्षे चालला, आणि तरीही रामाच्या त्या देवळाचे दार उघडले नाही. पुढे 1935 च्या ऑक्टोबरमध्ये येवल्याला बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. तुझ्या सोबत्याच्या पणजोबांच्या पिढीला ते नाव अशा बंद दारावर भेटलेले होते. तुला ते आजीच्या ओवीत भेटले असेल. दोन्ही अनुभव खरे आहेत, पण एकाने दुसऱ्याचा अनुभव विसरून जावा अशी अपेक्षा करता येत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच अधिक खोल आहे. तू सेवाग्रामहून निघालीस, म्हणजे तिथली प्रार्थना तू ऐकली असशील. तिच्या सुरुवातीला ‘नम्यो हो रेंगे क्यो’ हा जपानी बौद्ध मंत्र येतो, तो तिथे कसा आला हे तुला यात्रेत कुणी सांगितले का? निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू 1933 साली गांधीजींना वर्ध्याला भेटले आणि पुढे त्यांच्या संघातले एक भिक्षू आश्रमात येऊन राहिले. ते हातातले छोटे चामडी वाद्य वाजवत हा मंत्र म्हणत आणि आश्रमाची कामे करत. जपान महायुद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारचे पोलीस त्यांना शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून घेऊन गेले. माणूस गेला, पण गांधीजींनी त्याचा मंत्र प्रार्थनेत ठेवला. ज्या देशाचे सैन्य ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपले होते, त्या देशातल्या एका साधूची आठवण रोज पहाटे आणि संध्याकाळी सेवाग्रामच्या मोकळ्या आकाशाखाली काढली जात होती. कुराणातील आयत प्रार्थनेत आली ती गांधीजींच्या सहकारी रेहाना तय्यबजी यांच्यामुळे. पारशी प्रार्थना आली ती डॉ. गिल्डर यांच्यामुळे. 1943 साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींनी 21 दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीची काळजी घेणाऱ्या डॉक्टरांमध्ये ते होते.

हे सगळे मी एवढे विस्ताराने सांगते आहे, कारण आपण सर्वधर्मप्रार्थना म्हटले की एखाद्या समितीने बसून प्रत्येक धर्माला दोन-दोन मिनिटे वाटून दिली असावीत, असे समजतो. तसे घडलेले नाही. ती प्रार्थना एकेका माणसामुळे वाढत गेली. घरी कुणी राहायला आले की त्याच्या आवडीचा एक पदार्थ स्वयंपाकात येतो आणि तो माणूस गेल्यावरही राहतो, तशी ती वाढली. तुमच्या चोवीस जणांमध्ये त्या मुलाने बुद्धवंदना आणली आणि त्याच्याबरोबर आपले मौनही आणले. वंदना तुम्ही घेतली आणि मौन मात्र परत केले. तुझी चूक असेल तर ती इथे आहे.

तू कदाचित म्हणशील की ‘ईश्वर अल्ला तेरो नाम’ यात सगळे आले, मग कुणाला अडचण का असावी? ही ओळही एका शांतियात्रेतूनच आली आहे आणि ती आणणारी तुझ्याहूनही लहान होती. 1946 च्या दंगलींनंतर, वयाच्या 77 व्या वर्षी, गांधीजी पूर्व बंगालमधल्या नोआखालीतल्या गावांतून पायी फिरत होते आणि त्यांच्याबरोबर त्यांची नात्यातली मुलगी मनू होती, तिचे वय विशीच्या आत होते. वाटेवर कुणी काचा आणि घाण टाकून ठेवत असे आणि गांधीजी अनवाणी चालत. तिथे जानेवारी 1947 मध्ये मनूने रामधुनीत ही ओळ गायली आणि गांधीजींना ती इतकी भावली की ती रोजच्या प्रार्थनेत आली. जळलेल्या घरांच्या त्या मुलखात, हिंदू आणि मुसलमान यांच्यामध्ये उभे राहून म्हणायला याहून नेमकी ओळ सापडली नसती. पण त्या ओळीत दोन नावे आहेत, आणि दोन्ही देवाची आहेत. ज्याच्या धम्मात सृष्टिकर्त्या ईश्वरालाच जागा नाही, त्याने तिथे कुठे बसायचे? विनोबांच्या ‘ॐ तत्सत्’ प्रार्थनेतही बुद्धाचे नाव परमेश्वराच्या नावांमध्ये येते. विनोबांच्या मनातला आदर निर्विवाद आहे. तरी एखादा बौद्ध माणूस नम्रपणे म्हणू शकतो की आमचा बुद्ध हा कुणाचे नाव किंवा रूप नाही, तो माणूस होता. त्याचे हे म्हणणे ऐकून घ्यायला हवे. यामुळे त्या ओळी खोट्या ठरत नाहीत. त्या ज्या जखमेसाठी लिहिल्या गेल्या ती जखम वेगळी होती, एवढेच.

आणखी एक प्रसंग तुला माहीत असावा असे वाटते. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या आयतींना काही जणांनी आक्षेप घेतला. गांधीजींनी आयत गाळली नाही, पण आक्षेप घेणाऱ्याला गर्दीच्या जोरावर गप्पही बसवू दिले नाही. त्या दिवसांची प्रार्थनाच त्यांनी थांबवली आणि विरोध मावळल्यावर ती पूर्ववत, आयतींसह, सुरू केली. मी स्वतः त्या जागी असते तर मला हे साधले नसते. विरोध करणारा एक आणि ऐकायला आलेले शेकडो, अशा वेळी त्या एकाला बाजूला करणे किती सोपे असते! तुझा सोबती तर विरोधही करत नव्हता. तो तुमच्यात बसून होता, ऐकत होता, उठून गेला नव्हता. दुसऱ्याच्या प्रार्थनेत गप्प बसून राहणे याला मी सहभागच म्हणेन, आणि प्रामाणिक सहभाग म्हणेन.

तुझ्या बाबांच्या म्हणण्याविषयी थोडे सांगते. जानेवारी 1993 च्या दंगलीनंतर मुंबईत आम्ही काही जण रोज संध्याकाळी एका वस्तीतून शांतिफेरी काढत असू. मी तेव्हा साधारण तुझ्याच वयाची होते आणि माझा आवाज चांगला असल्यामुळे गाणी म्हणण्याचे काम माझ्याकडे होते. पहिले दोन दिवस एकही दार उघडले नाही. तिसऱ्या दिवशी एका आजींनी उंबऱ्याबाहेर पाण्याचा हंडा आणि त्यावर एक पेला ठेवला. मी पाणी प्यायले आणि पुन्हा गायला सुरुवात केली, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बेटी, गाणे नंतर म्हण. आमचे रेशनकार्ड जळाले आहे, त्याचा अर्ज लिहून देतेस का?’’ त्यांच्या ओट्यावर बसून मी तो अर्ज लिहिला, मग शेजारचा लिहिला, आणि त्या आठवड्यात आमची फेरी पुढे सरकलीच नाही, कारण आम्ही सगळे अर्जच लिहीत होतो. यात्रेतून काय निष्पन्न होते, असे बाबा पुन्हा विचारतील तेव्हा त्यांना चपलेच्या पट्ट्याखालची कापसाची घडी दाखव. ती तू टाकून दिली नसशील असा माझा अंदाज आहे.

आता माफीचे. तू बोललीस ती सर्वांसमोर, म्हणून एकट्यात फोनवर मागितलेली माफी अर्धीच होईल. आधी त्याला स्वतःच्या हाताने पत्र लिही. ते लहान असू दे. मी सर्वांसमोर तुला असे म्हणायला नको होते, ते चुकीचे होते, एवढे त्यात यावे. मला तुझ्याविषयी आदर आहे, माझा हेतू वाईट नव्हता, मला खूप वाईट वाटते आहे, असली वाक्ये त्यात घालू नकोस, कारण ती वाचून तुझी समजूत काढण्याचे काम पुन्हा त्याच्याच गळ्यात पडेल. यात्रेतल्या बाकीच्या बावीस जणांनाही हे कळवू का, असे त्याला विचार आणि तो नको म्हणाला तर कळवू नकोस. त्याचे उत्तर आले नाही तर वाट पाहा आणि पुन्हा लिहू नकोस. एक गोष्ट मात्र तू त्याच्या परवानगीशिवायही करू शकतेस. बावीस प्रतिज्ञा मुळातून वाच, आणि येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जा. लाखो माणसे दूरदूरच्या गावांहून तिथे येतात आणि त्यांना पाणी व जेवण देणाऱ्यांना हातांची नेहमीच गरज असते. तिथे तुला कुणी कुठलीही प्रार्थना म्हणायला सांगणार नाही.

प्रश्न : मी सोलापूरकडचा निवृत्त शिक्षक आहे. विविध धर्मांच्या तरुणांना घेऊन आम्ही दरवर्षी दोन-तीन दिवसांची पदयात्रा काढतो आणि वाटेतील सर्व प्रार्थनास्थळांना भेट देतो. या वर्षी एका ठिकाणी आमच्यातील दोन मुलांना, अन्य धर्माची म्हणून, आत सोडले नाही. बाकीचे आम्ही आत जाऊन आलो. बाहेर आलो तेव्हा त्या दोघांनी आम्हा सर्वांच्या चपला जोडीजोडीने लावून ठेवल्या होत्या. तेव्हापासून मला स्वस्थता नाही. आम्ही आत जायला नको होते का?

उत्तर : गुरुजी, चपलांची ती रांग मलाही डोळ्यांपुढून हलवता येत नाही. आपण आत जायला नको होते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते आपल्यालाही आत जातानाच जाणवले असेल.

या बाबतीत विनोबांचे वागणे आपल्यासमोर आहे. 1955 साली ओडिशाच्या पदयात्रेत जगन्नाथपुरीला त्यांच्याबरोबर एक फ्रेंच बाई होत्या. त्यांना प्रवेश नाही असे कळल्यावर विनोबा मंदिराच्या दारातून परत फिरले. 1957 मध्ये केरळात गुरुवायूरलाही त्यांच्या ख्रिस्ती सहकाऱ्यांना प्रवेश नाकारला गेला, म्हणून ते आत गेले नाहीत. दोन्ही ठिकाणी त्यांनी सत्याग्रह मांडला नाही की कुणाला दोष दिला नाही. सोबत्याला सोडून देवाला भेटायचे नाही, एवढेच त्यांनी पाळले. आणि मग 1958 साली पंढरपूरच्या बडव्यांनी त्यांना सर्व धर्मांच्या सहकाऱ्यांसह येण्याचे आमंत्रण दिले. साने गुरुजींच्या 1947 च्या उपोषणानंतर जे दार दलितांना उघडले होते, त्याच दारातून एक जर्मन ख्रिस्ती मुलगी आणि एक मुस्लिम मुलगी विठ्ठलाला भेटल्या. तीन वर्षांपूर्वी पुरीहून परत फिरलेला माणूस पंढरपुरात रडला, असे त्यांनीच सांगितलेले आहे, आणि त्यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

पुढच्या वर्षी मार्ग आखतानाच प्रत्येक ठिकाणी जाऊन विचारून या. जिथे सगळ्यांना प्रवेश नसेल तिथे सगळेच बाहेर बसा, घोषणा न देता, तोंड न पाडता, आणि आतल्या मंडळींना नमस्कार करून पुढे चला. त्या दोन मुलांना मात्र आत्ताच, पुढच्या वर्षाची वाट न पाहता, घरी जेवायला बोलवा.

प्रश्न : माझी 19 वर्षांची मुलगी मे महिन्यात एका शांतिपदयात्रेला जाऊ इच्छिते. आम्हा आईवडिलांचा विरोध नाही, पण काळजी वाटते. तिला काय सांगावे?

उत्तर : मे महिन्याबद्दल मात्र मला गंभीर शंका आहे. मराठवाड्यात आणि विदर्भात त्या काळात सकाळी नऊनंतर चालणे धोक्याचे असते, म्हणून आयोजकांना चालण्याच्या वेळा आणि दुपारचे थांबे विचारून घ्या आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर हिवाळ्यातली यात्रा निवडायला सांगा. मुक्काम कुठे आहेत, मुलींची झोपण्याची आणि आंघोळीची सोय काय आहे, आजारी पडल्यास वाहन आहे का, हे विचारण्यात संकोच नको. नव्या चपला किंवा बूट घेऊन पाठवू नका, दोन महिने वापरलेले असावेत. सुती मोजे, खोबरेल तेल, मीठ-साखर आणि एक पातळ चादर पुरते. खाण्याचे डबे भरभरून देऊ नका, कारण यात्रेत दुसऱ्याच्या घरची भाकर खाण्याची वेळ यायलाच हवी. रोज फोन कर, असा आग्रह धरण्याऐवजी दिवसाआड ठरावीक वेळ ठरवून घ्या. आणि ती परत येईल तेव्हा पहिल्या दिवशी काही विचारू नका. बादलीत कोमट पाणी घेऊन त्यात मूठभर मीठ टाका आणि तिला पाय बुडवून बसू द्या. सांगायचे ते ती आपणहून सांगायला लागेल.